मे महिन्यात हर्णैला जायचंय, सोबत माळकरी आई (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आम्ही चोपड्याचे. मेमध्ये सहकुटुंब हर्णैला (दापोली तालुका) जायचं घाटतंय. दिवाळीत का नाही, असं विचाराल, तर तेव्हा कापूस वेचणी ऐन भरात असते. मेमध्ये शेत मोकळं आणि घरात बसवत नाही असं ऊन.

पोरांना सुवर्णदुर्ग बघायचाय. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले, त्यातला साल्हेर आपल्याकडचा, तो झाला. आता पाण्यातला हवा. वडील मात्र वेगळ्याच कारणाने तयार झाले. हर्णैला होड्यांतली मासळी काठावर आणायला बैलगाड्या थेट समुद्रात घालतात, असा व्हिडिओ त्यांनी पाहिला. तेव्हापासून "समुद्रमा गाडी कशी चालस रे भो?" सुरू आहे. खाऱ्या पाण्याने बैलांच्या खुरांना काही होत नाही का, हेही विचारतात. कोणाला माहीत असेल तर खरंच सांगा.

अडचण आईची. मासळीच्या वासाजवळ ती जेवणार नाही. आम्हा बाकीच्यांना मात्र लिलाव बघायचाय आणि ताजी मासळी खायचीय. तापी-गिरणेच्या माशांपलीकडे आमची मजल नाही. मुक्काम हर्णैतच करावा की बाजूला? लिलाव कधी असतो? किल्ल्यावर म्हातारी माणसं जाऊ शकतात का? आणि गाडी न नेता कसं यायचं?

प्रतिसाद १
मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि त्याआधीच समुद्र खवळायला लागतो. मुक्काम मुरुडला करा (दापोली तालुक्यातलं, जंजिऱ्याचं नव्हे). महर्षी कर्व्यांचं गाव, घरगुती शाकाहारी जेवण मिळतं, आईंची सोय होईल. लिलाव दुपार कलली की वाळूतच भरतो, तेवढ्यापुरतं हर्णैला या. आईंना त्या वेळी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला न्या, खाडीवर पूल आहे.

रेल्वेने याल तर जळगावहून कल्याण, तिथून लोकलने दिवा. दिव्याहून सकाळची सावंतवाडी गाडी धरून खेडला उतरा. पुढे एसटीने दापोली आणि हर्णै.

प्रतिसाद २
किल्ल्यावर धक्का नाही, होडीतून पाण्यात उतरून वाळूवर चालावं लागतं. गुडघे दुखत असतील तर मोह टाळा. काठावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला आहेत. कनकदुर्गावर दीपगृह आहे, तिथून सुवर्णदुर्ग समोर दिसतो. पोरांना मात्र नक्की न्या. दाराशी पायरीवर कासव आणि भिंतीत मारुती कोरलेला आहे, ते शोधायला लावा. १७५५ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन हा किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आपल्याच आरमाराचा कणा आपणच मोडला, असं माझं मत. वाद नको, वेगळा धागा काढू.

भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत: तिथीची पाऊणपट. एकादशीला साधारण सव्वाआठला भरती, मग सव्वादोनच्या सुमारास ओहोटी. तिथ्या आईंना पाठ असतीलच. तरी होडी कधी सोडायची ते नावाड्यावर सोपवा.

धागाकर्ता
दोघांचे आभार. मुरुड ठरलं. खुरांचं कोणी सांगेल का?