कॅसलटन टॉवर (मोआब, युटा): सह्याद्रीत चढणाऱ्याला कोर-इंगल्स कितपत झेपेल?

कातळखूण

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या मध्यावर डेन्व्हरला भावाकडे जाणं होतंय, तिथून मोआबला जायचा बेत आहे. दोघं जण आहोत. दोघांनाही बेसाल्टवर लीड करायची (दोर घेऊन पुढे चढायची) सवय आहे: वानरलिंगी, तैलबैला, डांग्या सुळका वगैरे. मात्र आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बोल्ट आणि मेखा असतात. कॅम (भेगेत अडकवायची, पाकळ्या उघडणारी अवजारं) वापरलेत, पण बेताचेच.

कॅसलटनचा कोर-इंगल्स मार्ग अमेरिकी पद्धतीत ५.९ दर्जाचा आहे (आकडा मोठा तितकी चढाई अवघड) असं वाचलं. आकड्यावरून तरी आवाक्यातला वाटतो. जाणकारांना विचारायचं ते असं:

१. हा ५.९ आपल्या हिशेबात किती?
२. कॅम कुठल्या मापाचे आणि किती न्यावेत?
३. आदल्या दिवशी पाऊस झाला तर काय करायचं?
४. आजूबाजूला इतके सुळके असताना सगळे याच एका टॉवरच्या मागे का?

भेगबहाद्दर

आकड्यावर जाऊ नका. हा मार्ग १९६१ साली लेटन कोर आणि हंटली इंगल्स यांनी काढला, आणि त्या काळातला ५.९ म्हणजे हात राखून दिलेला दर्जा. शिवाय तो भिंतीवरच्या चढाईचा नाही, भेगेतल्या चढाईचा आहे. बेसाल्टवर आपण पकड शोधतो, पाय ठेवायला खाच शोधतो. इथे दोन्ही बाजूंनी गुळगुळीत समांतर भेग असते आणि हात, मूठ, कोपर, गुडघा, जे मावेल ते तिच्यात अडकवून वर सरकायचं असतं. ५.१० ची भिंत सहज चढणारे लोक या ५.९ च्या भेगेत घामाघूम होतात, ते याचमुळे.

टॉवर साधारण १२० मीटरचा आहे आणि मार्ग दक्षिण बाजूने चार टप्प्यांत जातो. पहिला टप्पा सोपा, रुंद भेगेतून आणि चिमणीतून (अख्खं अंग मावेल अशा फटीतून) ऐसपैस कट्ट्यावर नेणारा. दुसऱ्यात भेगा आहेत आणि कॅल्साइट या खनिजाचा पांढरा थर सुरू होतो. हा थर कुठे छान पकड देतो, तर कुठे काचेसारखा निसरडा असतो, आणि इतक्या वर्षांच्या वापराने आणखी गुळगुळीत झालाय. पायावर भरवसा ठेवण्याआधी जागा चाचपून घ्या. तिसरा टप्पा हीच खरी परीक्षा. तिथे ऑफविड्थ आहे, म्हणजे मुठीला फार रुंद आणि अंगाला फार अरुंद अशी भेग. चौथा छोटा आणि त्यामानाने सोपा, तो थेट माथ्यावर काढतो.

ऑफविड्थमध्ये सगळ्यात जास्त घात होतो तो घाबरून भेगेत खोल शिरल्यामुळे. आत शिरलं की सुरक्षित वाटतं, पण वर सरकायला जागाच उरत नाही. अर्धं अंग बाहेर ठेवा. आतला हात कोपरात दुमडून तळवा एका भिंतीला आणि दंडाची मागची बाजू दुसरीला अशी पाचर मारा. बाहेरच्या पायाची टाच एका कडेला, चवडा दुसऱ्या कडेला. आधी पाय वर घ्यायचे, त्यांच्यावर उभं राहायचं, मगच हात सरकवायचे. हातांनी ओढत बसलात तर दहा फुटांत दम संपेल. भेगेत कुठली बाजू आत ठेवायची ते खालूनच ठरवा, मध्यावर पालटणं फार अवघड. हार्नेसवरचं सगळं सामान बाहेरच्या बाजूला लावा, आणि पाठीवर पिशवी नको.

कॅम: कॅमलॉट या जातीच्या कॅमच्या मापात ०.५ ते ३ चा एक संच, त्यात २ आणि ३ नंबर दुहेरी, वर एक ४ नंबर. ५ नंबर नेला तर मनाला आधार, इतकंच. तिसऱ्या टप्प्यात बोल्ट आहेत. नट्सचा (भेगेत बसवायच्या धातूच्या पाचरींचा) एक संच, आठ-दहा लांब स्लिंग (पट्ट्या). हाताला टेप किंवा क्रॅकचे हातमोजे, आणि पूर्ण पँट, पूर्ण बाह्या. ज्यांचे गुडघे सोलवटायचे बाकी असतील त्यांनी हाफ पँट घालावी.

थरावरथर

पावसाचं मी सांगतो, कारण बेसाल्टवाल्यांचा अंदाज इथेच चुकतो. आपला कातळ भिजला की निसरडा होतो, पण त्याची ताकद फारशी जात नाही. वालुकाश्माची ताकदच जाते. वाळूचे कण चुनखडीच्या आणि चिकणमातीच्या सिमेंटने धरलेले असतात, पाणी आत मुरलं की ही पकड ढिली पडते. मग हातातली कपची निघते, कडा तुटतात, कॅम भेगेची भिंत चुरडत बाहेर येतो. कॅमवर जेवढा भार येतो त्याच्या जवळपास दुप्पट जोर तो प्रत्येक बाजूच्या भिंतीवर टाकतो. कोरडा विंगेट (या टॉवरचा वालुकाश्म) हे सोसतो, ओल्याचा भरवसा नाही.

पृष्ठभाग तासाभरात वाळतो, तेव्हा नुसतं बघून ठरवू नका. तिथली साधी परीक्षा अशी: पायथ्याची माती बोटभर उकरायची. खाली ओल लागली तर त्या दिवशी चढायचं नाही. पाऊस किती झाला, नंतर ऊन-वारा किती, यावर २४ ते ७२ तास थांबावं लागतं. सावलीतल्या उत्तर बाजूला त्याहूनही जास्त. नियमाचा बाऊ करतोय असं वाटेल, पण एकदा तुटलेली पकड पुढच्या कुणालाच मिळत नाही.

आता चौथा प्रश्न. विंगेट वालुकाश्म म्हणजे सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्या, दगड झालेल्या. तो उभ्या सांध्यांवर फुटतो, म्हणून सरळसोट भिंती आणि एकसारख्या रुंदीच्या भेगा मिळतात. खाली चिनले आणि मोएनकोपी हे मऊ थर. ते झिजले की वरच्या विंगेटचा आधार जातो, उभे पापुद्रे कोसळतात आणि मधला गाभा तेवढा उभा राहतो. माथ्यावर कायेंटाचा जरा कणखर थर टोपीसारखा बसलाय. पायाचा मऊ थर मात्र शंकूसारखा उतरत गेलाय, म्हणून आधीच हजारेक फूट उंच चौथऱ्यावर टॉवर ठेवल्यासारखा दिसतो आणि चारही बाजूंनी मोकळा राहतो. जवळच्या फिशर टॉवर्सचा दगड वेगळा. त्यावर चिखलाचं लिंपण असल्यासारखं वाटतं, आणि तिथले बरेचसे मार्ग कृत्रिम चढाईचे (अवजारांवर भार टाकून चढायचे) आहेत. चांगला दगड, सुटा सुळका, सपाट माथा आणि तरीही ५.९ ची वाट, हे सगळं एका जागी क्वचित जमतं.

जाता जाता: २०१८ मध्ये युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी गिर्यारोहकांकरवी माथ्यावर भूकंपमापक नेऊन टॉवरची कंपनं मोजली. तो साधारण ०.८ आणि १ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला सुमारे एकदा, डोलत असतो. चढताना जाणवत नाही, निश्चिंत राहा.

कातळखूण

दोघांनाही धन्यवाद. आता आणखी दोन शंका. उतरताना ७० मीटरचा एकच दोर पुरेल का? आणि आपल्याकडे अशी भेग कुठे मिळणार? जाण्याआधी सराव कसा करायचा?

दुहेरी_दोर

आधी उतरणं. ६० मीटरचे दोन दोर न्या आणि उत्तर बाजूच्या साखळ्यांवरून उतरा. कोर-इंगल्सवरूनच खाली यायचा मोह टाळा. एक तर खालून चढणाऱ्यांच्या डोक्यावर दोर आणि खडे पडतात, दुसरं म्हणजे ओढताना दोर त्याच रुंद भेगांत जाऊन बसतो. दोर जोडताना साधी सपाट ओव्हरहँड गाठ, शेपट्या किमान ३० सेंमी, नीट आवळलेली. दोन्ही टोकांना गाठी हव्यातच, कारण वाऱ्यात टोक कुठे गेलं ते वरून दिसत नाही. वारा जोरात असेल तर दोर फेकू नका, हार्नेसला वेटोळं लटकवून सोडत उतरा. पहिला खाली पोचला की त्याने दोर हातभर ओढून बघायचा, सरकतोय याची खात्री झाली तरच दुसऱ्याने निघायचं. प्रुसिकचं (उतरताना दोरावर मारायच्या आधाराच्या गाठीचं) वेगळं सांगायला नको.

उतरून तुम्ही टॉवर आणि शेजारच्या रेक्टरी या कातळाच्या मधल्या खिंडीच्या बाजूला पोचता. सामान दक्षिणेला असेल तर वळसा घालून जावं लागतं, म्हणून जोडे बरोबर घेऊन चढा.

५ नंबरबाबत भेगबहाद्दर यांच्याशी असहमत. ज्याचा ऑफविड्थचा सराव कमी आहे त्याने तो न्यावाच. तो साधारण ८५ ते १४९ मिमीच्या भेगेत बसतो. डोक्याशी लावायचा, दोन पावलं चढायचं, पुन्हा वर सरकवायचा. वजन होतं, पण डोकं शांत राहतं. कॅम लावताना कडेपासून निदान वीतभर आत लावा, पाकळ्या अर्ध्याच्या आसपास मिटलेल्या असू द्या. पार उघडलेला कॅम मऊ दगडात जरा सरकला तरी निसटतो.

सराव: दोन जाड फळ्या, सहा-सात फूट लांब, समांतर उभ्या करून बोल्ट आणि ठोकळ्यांनी घट्ट आवळायच्या. मधलं अंतर ठोकळे बदलून कमी-जास्त करता आलं पाहिजे. पंजासाठी ५ ते ६ सेंमी, मुठीसाठी ८ ते ९, ऑफविड्थसाठी १२ ते १५. जिन्याखाली आडवी टांगली तर दम लवकर निघतो. पण लाकूड म्हणजे दगड नव्हे. मोआबहून तासा-सव्वातासावर इंडियन क्रीक आहे, तिथे हाच विंगेट आणि एका टप्प्याच्या शेकडो भेगा. आधी दोन दिवस तिथे घालवा, मग टॉवरकडे वळा. माझ्या मते हे दोन दिवस टॉवरच्या दिवसापेक्षा महत्त्वाचे.

भेगबहाद्दर

५ नंबरचं मान्य. प्रवासाचं राहिलं. मोआबहून १२८ नंबरच्या रस्त्याने नदीकाठाने जायचं, मग कॅसल व्हॅलीकडे उजवं वळण. तळावर पाणी नाही, माणशी चार लिटर बरोबर हवं. पायवाट सव्वा-दीड तासाची, वरचा भाग घसाऱ्याचा, शेवटी थोडं हाताने चढणं. वाट सोडून चालू नका. काळपट, खडबडीत दिसणारी माती जिवंत असते, एका पावलाने मोडते आणि भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. शौचासाठी पिशव्या न्या आणि परत आणा.

ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्योदय साडेसातच्या सुमारास, सूर्यास्त पावणेसातच्या आत. मार्ग प्रसिद्ध, त्यात भर हंगाम. म्हणजे पुढे दोन जोड्या असतील तर कट्ट्यावर तास-दीड तास बसणं आलंच. बॅटरीच्या उजेडात पायवाटेला लागा, आणि दुपारी दोनपर्यंत तिसऱ्या टप्प्याच्या खाली पोचला नाहीत तर तिथूनच परत फिरा.

थरावरथर

एक पुरवणी. दोरात आणि कॅरॅबिनरमध्ये वाळू जाते आणि कानशीसारखी घासते. रॅपलनंतर (दोरावरून उतरल्यावर) बिले डिव्हाइसच्या (दोर धरून ठेवणाऱ्या साधनाच्या) कडा बोटाने तपासा, धारदार झाल्या असतील तर ते बाद. कॅमच्या पाकळ्या घरी येऊन कोमट पाण्यात धुवा, वाळवा, मग कोरडं वंगण द्या. तेल नको, तेलाला वाळू चिकटते.

आणि फोटोप्रेमींसाठी: १९६४ साली शेव्हरोलेने जाहिरातीसाठी याच माथ्यावर हेलिकॉप्टरने मोटार आणि एक मॉडेल उतरवली होती. तुम्हाला मात्र वर जायला कोर-इंगल्सच.