दोघेही सबनीस, म्हणून लग्न मोडायचं?

किल्लेकरी:
भाचीला स्थळ आलं होतं. मुलगा चांगला शिकलेला, माणसं सालस, दोघांची पसंतीही झाली. शेवटी मुलाच्या थोरल्या काकांनी मोडता घातला. "तुम्हीही सबनीस, आम्हीही सबनीस. एका कुळात सोयरीक होत नाही." गोत्र वेगळं, कुलदैवत वेगळं, ते मूळचे बेळगावकडचे, आम्ही साताऱ्याकडचे. तरी नकार. हे मला अजिबात पटत नाही.

सबनीस हा मुळात हुद्दा. कृष्णाजी अनंत सभासदाने 1697 च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत गडाची व्यवस्था दिली आहे: हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एका दर्जाचे, कारभार तिघांनी मिळून करायचा. हजेरी, हिशेब, लिखापढी सबनिसाची. कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे. स्वराज्यात शेकडो गड होते. तेवढे सबनीस एकाच घरातून आले, असं कोण म्हणेल? देशस्थांत सबनीस आहेत, सारस्वतांतही आहेत.

माजघर:
अर्धीच गोष्ट सांगताय. शिवाजी महाराज वतनं द्यायला राजी नसत, हे खरं. पण राजारामांच्या काळापासून वतनं पुन्हा सुरू झाली. पुढे एखाद्या गडाची सबनिशी एकाच घरात पिढ्यान् पिढ्या राहिली. म्हणजे आडनाव हुद्द्यावरून आलं, तरी नंतर ते कुळाचं झालंच. काकांची शंका अगदीच खुळी नाही.

किल्लेकरी:
एका गडापुरतं मान्य. पण दुसऱ्या गडाच्या सबनिसाचा त्या घराशी काय संबंध? तुमच्याच म्हणण्यावरून कुळं गडागणिक वेगळी ठरतात.

शाईदौत:
आमच्याकडे एक मोडी कागद आहे. पूर्वजाच्या नावापुढे आधी कुलकर्णी, मग 'सबनीस किल्ले पन्हाळा'. दोन पिढ्यांनंतरच्या कागदात कुलकर्णी गळालं, पन्हाळाही गळाला, सबनीस तेवढं राहिलं. आमचे भाऊबंद गावात आजही कुलकर्णीच लावतात. आता काकांच्या हिशेबाने मी भावकीतल्या कुलकर्ण्यांकडे मुलगी देऊ शकतो आणि गोव्याच्या सबनिसांकडे नाही! उलटं आहे सगळं.

कोर्टकचेरी:
सगोत्र विवाहावरची बंदी 1946 च्या कायद्यानेच उठली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात सपिंड नातं आड येतं: वडिलांकडून 5 आणि आईकडून 3 पिढ्यांपर्यंत. आडनावाचा त्यात उल्लेखही नाही.

माजघर:
कायद्याने लग्न होतं, घर बसत नाही. सासरची थोरली माणसं नाखूश असताना मुलीने तिथे नांदायचं आहे. आमच्या कुलवृत्तांतात सगळ्या शाखा एकत्र याव्यात म्हणून मी स्वतः घरोघर फिरले आहे. आडनावाचा धागा होता म्हणून लोकांनी दार उघडलं. 'हा नुसता हुद्दा' म्हटलं की ती ओढच संपते.

किल्लेकरी:
ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण दोन सबनीस भेटले की आधी "मूळ गाव कुठलं, कुठल्या गडाचे, त्याआधी काय लावायचे?" हे विचारा, मगच एका वंशवृक्षात घाला. तसं न करता छापलेला कुलवृत्तांत उद्या असाच एखाद्या पोरीच्या लग्नात आड येईल. शाईदौत, त्या दोन्ही कागदांचे फोटो इथे टाकाल का? काकांना दाखवायचे आहेत. अजून त्यांनी दुसरीकडे ठरवलेलं नाही.