मदत हवी आहे: लिनक्स मिंटवरून फाइल कॉपी होता होईना

उंबरठा_७
दोन दिवस डोक्याला ताप झालाय. वरच्या मशीनवर फोल्डर टाकतोय, पण कॉपी सरकतच नाही. पाच-सहा तास दाखवतं. रात्री लावून झोपलो, सकाळी बघतो तर एरर. म्हणजे परत पहिल्यापासून! राउटर रिस्टार्ट केला, मिंटसुद्धा नव्याने टाकून झालं. नेट मस्त चालतंय. शनिवारी व्हिडिओ द्यायचेत. लवकर सांगा, 'गूगल करा' नको.

कोनाडा
वरचं मशीन म्हणजे? त्यावर काय आहे? वायफाय की केबल? एकूण किती जीबी, आणि सेकंदाला किती एमबी जातायत?

भोपळेकाका
पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा असणार. त्यावर ४ जीबीची फाइल मावत नाही. एक्सफॅट फॉरमॅट करून घ्या.

उंबरठा_७
काका, पेनड्राइव्ह कुठून आला मध्येच? घरातल्या घरात नेटवर्कवरून पाठवतोय. २१२ जीबी. दोन्हीकडे केबल. वरच्या मजल्यावर भावाचं मशीन, उबुंटू. साम्बाने (नेटवर्कवर फोल्डर शेअर करायचं सॉफ्टवेअर) फोल्डर शेअर केलंय, व्हिडिओत तसंच दाखवलं होतं.

जुनंखोड
साम्बाच्या सेटिंगमध्ये किमान प्रोटोकॉल एनटी१ करा. माझा जुना नॅस (नेटवर्कवरची साठवणपेटी) तसाच चालू झाला.

कोनाडा
अजिबात करू नका. त्याने एसएमबीची, म्हणजे साम्बा ज्या प्रोटोकॉलवर चालतो त्याची, जुनी पहिली आवृत्ती उघडी पडते. २०१७ साली वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच वाटेने पसरला. शिवाय त्यांची जोडणी होतेय, फक्त हळू चाललीय. वेगाचा आकडा अजून दिलेला नाही.

जुनंखोड
घरच्या नेटवर्कवर कोण येतोय वॉनाक्राय घेऊन? सहा वर्षं वापरतोय.

ढकलगाडी
मुळात दोन्हीकडे लिनक्स असताना साम्बा कशाला? वरच्या मशीनवर ओपनएसएसएच सर्व्हर (दुसऱ्या मशीनला सुरक्षित जोडणी देणारा) टाका आणि आरसिंक ही फाइल कॉपी करायची कमांड वापरा. पर्याय -एव्हीपी, त्यातला पी कॅपिटल. मध्येच तुटलं तरी झालेल्या फाइली पुन्हा पाठवत नाही.

विंडोजवाला
म्हणून म्हणतो, विंडोज घ्या, सुखी व्हा.

उंबरठा_७
सेकंदाला ११.२ एमबी दाखवतंय. कधी ११, कधी ११.३.

कोनाडा
सापडलं! १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट; ८ बिटांचा एक बाइट, म्हणून ८ ने भागा, १२.५ एमबी येतात. नेटवर्कचा स्वतःचा वरखर्च वजा जाता अकराच उरतात. कुठेतरी जोडणी गिगाबिटऐवजी (१००० एमबीपीएस) १०० वर बसलीय. टर्मिनलात सुडो इथटूल आणि पुढे नेटवर्क कार्डाचं नाव द्या, 'स्पीड' ही ओळ बघा.

उंबरठा_७
१००० आहे. म्हणजे नेटवर्क ठीक आहे ना? मग मिंटचाच घोळ.

कोनाडा
अहो, ते तुमच्या मशीनपासून राउटरपर्यंतचं झालं. वरच्यावर बघा.

उंबरठा_७
वर १०० आहे. पण ती केबल गेल्याच वर्षी टाकलीय, नेटवाल्यानेच ओढून दिली जिन्यातून.

ढकलगाडी
प्लग उजेडात धरा आणि आतल्या तारा मोजा.

उंबरठा_७
चार.

ढकलगाडी
झालं तर. १०० ला १, २, ३, ६ या चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. बरीचशी कार्डं तक्रार न करता १०० वर उतरतात. नेटचा प्लॅन ५० चा असेल तर जन्मभर कळायचं नाही. मिंट उगाच पुसलंत.

कोनाडा
आणि सकाळची एरर? वरचं मशीन झोपतं का?

उंबरठा_७
विचारलं. भाऊ एक वाजता बंद करून झोपतो, वीजबिल वाढतं म्हणून. हे आज कळतंय मला!!

भोपळेकाका
एवढ्या भानगडीपेक्षा हार्डडिस्क उचलून खाली न्या की. मजला एकच.

उंबरठा_७
अपडेट: पाइपातून नवीन केबल सरकेना, मध्ये सिमेंट पडलंय. शेवटी भावाचा अख्खा कॅबिनेटच खाली आणला. राउटरच्या खोक्यातली केबल लावली, इथटूल १०००, आरसिंक ११० च्या आसपास. अर्ध्या तासाच्या थोडं वर लागलं. सगळ्यांचे आभार, आधी नीट माहिती न दिल्याबद्दल सॉरी.

भोपळेकाका
म्हणजे उचलूनच आणलंत ना? मी तेच म्हणत होतो. बरं, माझा पेनड्राइव्ह मिंटवर कॉपी झाली म्हणतो, पण काढायला गेलं की दहा मिनिटं 'थांबा' दाखवतो. ते का?

कोनाडा
काका, नवीन धागा काढा. आणि पेनड्राइव्ह किती जीबीचा, ते आधी लिहा.