डायलिसिसच्या चार तासांत वाचायला कोणती कादंबरी?

गोदाकाठ
बाबांचं डायलिसिस सुरू झालंय, नाशिकला. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी 4 तास. मी बाहेर बाकावर बसून असते. फोन उघडला की किडनीचेच व्हिडिओ समोर येतात आणि छातीत धडधडायला लागतं. पूर्वी भरपूर वाचायचे, आता एकच पान पुन्हा पुन्हा वाचलं तरी काही शिरत नाही. सकारात्मक विचार करा, अशी शिकवण देणारी पुस्तकं लोकांनी आणून दिलीत, ती उघडवत नाहीत. मला गोष्ट हवी आहे. अशा दिवसांत तुम्हाला कुठल्या कादंबरीनं आधार दिला?

निशिगंध
नवीन काही नको, आधी वाचलेलंच घ्या. पुढे काय होणार ते माहीत असलं की डोकं निवांत राहतं. एक मात्र सांगते, राम पटवर्धनांनी अनुवादलेलं 'पाडस' माझं जीव की प्राण आहे, पण आत्ता हातात घेऊ नका. शेवटी त्या पाडसाचं जे होतं ते आजारपणाच्या दिवसांत सोसत नाही. घरी थोडं स्थिरस्थावर झालं की जरूर वाचा.

मिरजकाकू
ताई, आमच्या ह्यांचं डायलिसिस मिरजेला चालू आहे, म्हणून लिहिते. आम्हाला 'बनगरवाडी'नं तारलं. व्यंकटेश माडगूळकरांची, 1955 ची, लहानशी कादंबरी. माडगूळकर आटपाडीकडचे, आमचे हे पण त्याच भागातले, म्हणून ती उचलली, बाकी काही विचार नव्हता.

तेव्हा आमच्यात बोलणंच उरलं नव्हतं. वजन किती वाढलं, पाणी किती प्यायलात, पोटॅशियमचा रिपोर्ट आला का, मोसंबी कुणी दिली तुम्हाला, एवढंच. मी सारखी पहाऱ्यावर आणि हे सारखे चिडलेले. सगळं जेवण, सगळी झोप, येणारे-जाणारे पाहुणे, सगळ्यांत तोच एक विषय.

कादंबरीत औंध संस्थानातला एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. शाळेत पोरं नाहीत, सगळी मेंढरांमागं. मग कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, अंजी अशी एकेक माणसं भेटत जातात. घाई कशाचीच नाही, आणि तेच आम्हाला झेपलं. शेवटच्या तासात ह्यांचं बीपी उतरतं, पायात गोळे येतात. तेव्हा मी शेजारी बसून हळू आवाजात वाचायची. शेकूकडं एकच बैल असतो, तर त्याची बायको दुसऱ्या बाजूनं जू खांद्यावर घेते, तो प्रसंग मी वाचला तर पलीकडच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "बाई, जरा मोठ्यानं वाचा."

शेवटाकडं दुष्काळ येतो. ज्या माणसाला मी दिवसाचं पाणी मापून देते, त्याला हे कसं ऐकवू? पानं गाळायला लागले तर ह्यांनी ओळखलं. "सगळं वाच," म्हणाले. त्या दिवशी घरी येताना गाडीत 1972 च्या दुष्काळाचं सांगत राहिले. त्यांची आई खडी फोडायला जायची, कामावर सुकडी मिळायची, तिची चव अजून जिभेवर आहे म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकलं.

आणि घरी पोचल्यावर आमचं भांडण झालं ते मास्तरावरून! हे म्हणतात, त्यानं वाडी सोडायला नको होती. मी म्हणते, वाडी ओस पडली, पोरं गेली, रिकाम्या शाळेत बसून तो काय करणार? अजून मिटलेलं नाही ते. आजार सोडून दुसऱ्या कुणावरून तरी आम्ही भांडलो, मला केवढं बरं वाटलं काय सांगू तुम्हाला.

म्हणून माझं ऐका, एकटीनं बाकावर बसून वाचू नका. बाबांना वाचून दाखवा.

रानवाटा
काकूंचं पटलं. नोकरी गेली त्या वर्षी मला प्रभाकर पेंढारकरांच्या 'रारंग ढांग'नं असंच सावरलं. हिमालयात रस्ता बांधणारा लेफ्टनंट विश्वनाथ, बर्फ, सुरुंग, कडा, मजूर. रोज उद्याच्या कामाचा विचार करणारी माणसं. त्यांच्यासोबत चार पानं राहिलो की दुसऱ्या दिवशी अर्ज लिहायला बसता यायचं. त्यात मृत्यू आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं वाचून रडू आलं. शाळेतून बाबांनीच मला पहिलं पुस्तक आणून दिलं होतं, ते शिक्षक होते, त्यांना मास्तराची गोष्ट नक्की आवडेल. पण इथे नातेवाइकांना आत सोडत नाहीत. मग कसं करू?

मिरजकाकू
फोनवर रेकॉर्ड करून द्या. आमच्याकडं पण मध्यंतरी आत सोडणं बंद होतं, तेव्हा मी रात्री स्वयंपाकघरात बसून करायची. सिस्टरना आधी विचारून घ्या. फिश्चुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचलेला, हात हलवायचा नसतो, म्हणून फोन दुसऱ्या हाताशी ठेवायला सांगा. एका वेळी वीसेक मिनिटंच करा, त्यापुढं त्यांना झोप लागते. आणि कुठं वाचताना अडखळलात तरी ते पुसू नका, तसंच राहू द्या. बाबांना तुमचा आवाज ऐकायचा आहे. मास्तराबद्दल ते काय म्हणाले ते मला इथं नक्की कळवा, मी ह्यांना सांगते.