आवाज न चढवणारा नायक

'डॉ. प्रकाश बाबा आमटे' सिनेमातला नायक फारच चांगला दाखवलाय, त्यामुळे तो खरा वाटत नाही, असं काहींचं म्हणणं आहे. मला नाही पटत.

2014 साली परभणीत आईसोबत पाहिला होता. आई जिंतूरकडच्या खेड्यात वाढलेली. तिची चुलती बाळंतपणात अडली, तेव्हा बैलगाडीतून नेताना वाटेतच गेली. त्यामुळे 1973 मधलं गडचिरोलीच्या जंगलातलं हेमलकसा, जिथं आमटेंनी काम सुरू केलं, जिथं वीज नाही, धड रस्ता नाही, ते तिला परकं वाटलंच नाही. दवाखान्यात आलेले माडिया आदिवासी दिसले तसा तिनं माझा हात धरला. "आपल्याकडं असा कुणी असता तर," एवढंच म्हणाली.

नाना पाटेकरनं इथं आवाज किती खाली ठेवलाय! बनियन आणि अर्धी चड्डी घातलेला, कमी बोलणारा माणूस. चांगुलपणा असाच असतो, त्याला भाषण लागत नाही.

आमटेंच्या पत्नी डॉ. मंदाताईंना मात्र सिनेमात अजून जागा हवी होती. 2008 चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून होता. त्यांच्या भूमिकेत सोनाली कुलकर्णीनं नुसत्या डोळ्यांनी बरंच सांगितलंय, तरी मला मंदाताई आणखी पाहायच्या होत्या. आईलाही.