मदत हवी आहे : पूरग्रस्त गुरांसाठी वैरण आणि पशुवैद्यकीय साहाय्य

वाशिष्ठी नदीच्या पुराचे पाणी ओसरले असले तरी चिपळूणच्या आसपासच्या आमच्या वाड्यांत गुरांचे हाल संपलेले नाहीत. भाताच्या पेंढ्याच्या उडव्या भिजून त्यांना बुरशी आली आहे आणि तो पेंढा खाऊ घालणे धोक्याचे आहे. त्यामुळे कऱ्हाड-पाटणकडून कुंभार्ली घाटमार्गे कोरडा कडबा किंवा उसाचे वाढे (उसाचे हिरवे शेंडे) आणू शकणारा, परतीचा रिकामा ट्रक असलेला कोणी वाहनचालक माहीत असल्यास कृपया कळवावे. डिझेलचा खर्च आम्ही देऊ. भात, पोळ्या आणि पाव मात्र पाठवू नयेत. भावना चांगली असते, परंतु उपाशी गुराने असे अन्न एकदम भरपूर खाल्ले तर पोटात आम्ल वाढून ते दगावू शकते. भटक्या कुत्र्यांसाठी कोरडे खाद्य चालेल.

१९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर आम्ही नोंद केली आहेच, तरीही घटसर्प व फऱ्या या गुरांच्या साथरोगांविरुद्धच्या लसीकरणासाठी स्वेच्छेने येऊ शकणारे पशुवैद्यक हवे आहेत. स्वयंसेवकांनी गमबूट व हातमोजे आणावेत, कारण चिखलातून लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाचा धोका असतो.

आणखी एक अडचण आहे. मेलेली जनावरे चुना टाकून लवकर पुरावी लागतात, पण पंचनाम्याआधी पुरल्यास भरपाई अडते, म्हणून शेतकरी थांबून राहतात. तलाठी येईपर्यंत छायाचित्रे आणि कानातील बिल्ल्याचा क्रमांक पुरावा म्हणून कोणाकडे ग्राह्य धरले गेले आहेत काय?