एलियन्स कॉमिक: हिक्स की विल्क्स? परीक्षण कोणत्या आवृत्तीचं करू?

नारायणपेठी
मंडळी, सोसायटीच्या वाचनकट्ट्यासाठी दर महिन्याला मी एक पान लिहितो. यंदा कॉमिक घ्यायचं ठरवलं. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात 'एलियन्स' सापडलं, रंगीत, मुखपृष्ठावर चहाच्या कपाचा गोल डाग. तीनशे सांगत होता, घासाघीस करून अडीचशेला घेतलं. त्याच नावाच्या १९८६ च्या सिनेमाची पुढची गोष्ट आहे, एवढं कळलं. पण नायक विल्क्स, मुलगी बिली, आणि दोघांचा भूतकाळ थेट सिनेमातल्या सैनिक हिक्सचा आणि चिमुकल्या न्यूटचा! भाचा म्हणतो, त्याने टॅबवर वाचलं त्यात हिक्स-न्यूटच आहेत. "मामा, तुला डुप्लिकेट गळ्यात मारलंय." खरंय का? आणि लिहिताना सिनेमाशी ताडून बघू की सिनेमा बाजूला ठेवू?

कर्वेरोडकर
डुप्लिकेट नाही हो, भाच्याला सांगा. दोन्ही अस्सल. डार्क हॉर्स या प्रकाशनाने १९८८ मध्ये हे काढलं तेव्हा ती हिक्स आणि मोठ्या झालेल्या न्यूटचीच गोष्ट होती. लेखन मार्क व्हरहायडनचं, चित्रं मार्क नेल्सनची, कृष्णधवल. मग १९९२ चा तिसरा सिनेमा आला आणि त्याने दोघांना सुरुवातीलाच मारून टाकलं. झाली पंचाईत! पुढच्या आवृत्त्यांत नावं बदलली, रंग भरले. सिनेमाला तीस वर्षं झाली म्हणून २०१६ मध्ये काढलेल्या आवृत्तीत मूळ नावं आणि मूळ काळा-पांढरा परत आला. त्यामुळे पहिल्या ओळीतच आवृत्ती सांगा.

जमलं तर भाच्याच्या टॅबवर तेच पान उघडून शेजारी ठेवा. नेल्सन सावली बारीक रेघांनी विणतो, रंगाखाली ती विण बुजते. मला रंगीत प्रत कधीच भावली नाही. शिवाय नावं बदलली की न्यूटची दुःस्वप्नं उसनी वाटतात, कारण त्यांच्यामागे आपण पडद्यावर पाहिलेली ती लहान पोर उरत नाही.

ताडून बघायचंच, पण तारखा बघून. माझीच फजिती ऐका. कॉलेजच्या भित्तिपत्रकात मी 'स्टार वॉर्स'च्या 'डार्क एम्पायर' या कॉमिकला झोडपलं होतं: मेलेला सम्राट क्लोन होऊन परत येतो, हा लेखकाचा आळस! २०१४ मध्ये ते सगळं 'लेजेंड्स' म्हणून मुख्य कथेबाहेर काढलं, तेव्हा मी कॉलर ताठ केली. २०१९ मध्ये सिनेमानेच सम्राटाला परत आणला. थिएटरात शेजारी बसलेल्या मित्राने नुसतं माझ्याकडे बघितलं.

वेताळटेकडी
वर लिहिलंय ते खरं, पण सिनेमाने काय पुसलं याचा हिशेब मांडत बसलात तर पान तिथेच संपेल. 'एक्स-फाइल्स'चं दहावं पर्व २०१३ पासून कॉमिकमध्ये आलं, २०१६ मध्ये टीव्हीने त्याकडे ढुंकूनही न बघता स्वतःचं दहावं पर्व काढलं. म्हणून कॉमिक वाईट ठरतं का?

मी एकच बघतो: पडद्याला न जमणारं काही केलंय का? 'फायरफ्लाय' या टीव्ही मालिकेतल्या मंडळींचं 'द शेफर्ड्स टेल' (२०१०) घ्या. पाद्री बुकचा मृत्यू २००५ च्या सिनेमात झालेला. हे कॉमिक त्याच्या मरणापासून सुरू होऊन उलटं मागे जातं, प्रसंगामागे प्रसंग, थेट बालपणापर्यंत. संपलं की आपण आपोआप पहिल्या पानावर परत येतो. आणि त्याचा चित्रकार ख्रिस सॅमनी नटांचे फोटो गिरवत नाही, चार रेषांत माणूस उभा करतो. फोटोवरून गिरवलेली तोंडं दिसली की मी दोन मार्क आधीच कापतो. पासपोर्ट फोटो बोलतायत असं वाटतं.

कर्वेरोडकर
वेताळटेकडी, मार्क कापायला +१. पण हिशेब मांडायलाच हवा. तो नसता तर नारायणपेठींना बिली कोण हेच कळलं नसतं.

नारायणपेठी
दोघांचे आभार. काल टॅब आणि कॉमिक शेजारी ठेवून बसलो. रेघांचं पटलं, आमच्या प्रतीत बऱ्याच सावल्यांचा नुसता चॉकलेटी चिखल झालाय. पानाची सुरुवात तिथूनच करतो.

भाचा वरमला, पण हार मानेना. म्हणतो, "अस्सल निघालं ना? मग त्या काकांचे पन्नास रुपये देऊन ये."